मामांची शंका रास्त आहे, उत्तरही त्याच शंकेचं द्या

माजलगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग देते.

"माझे सासरे सत्तरीचे आहेत. शाळा चौथीपर्यंत, पण शेतीतलं आणि पंचांगातलं त्यांच्याएवढं गावात कुणाला कळत नाही. वर्षभरापासून मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघून त्यांनी एकच धरलंय, पृथ्वी जागची हलत नाही, सूर्यच फिरतो. परवा मी मुलाचा अभ्यास घेत होते तर म्हणाले, 'पृथ्वी एवढी पळती तर हिरीतलं पाणी कामून सांडत न्हाई?' मी दिवस-रात्र समजावली, फुकोचा लंबक सांगितला. त्यावर ते म्हणाले, 'हे तर सोताभवती फिरायचं झालं. सूर्याभवती फिरती हे कशावरून?' मला उत्तर सुचेना. रागाच्या भरात बोलून गेले, 'मामा, शिकला असता तर कळलं असतं.' घरात पाहुणे बसलेले होते. तेव्हापासून माझ्या हातचा चहा घेतात, पण बोलत नाहीत. आमचे हे म्हणतात, आर्यभटानं सांगितलंय म्हण, लगेच पटेल त्यांना. वर्गातली दोन मुलंही आता आजोबांचंच बोलायला लागलीत. मी काय करू? आणि घरी दुर्बीण घ्यावी का? घेतली तर कोणती?"

ताई, तुमच्या मामांनी काय विचारलं ते आधी नीट बघू.

फुकोनं १८५१ साली पॅरिसमध्ये लांबलचक तारेला जड गोळा टांगला, त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते हे दाखवलं आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना डोळ्यांनी पटवलं. दिवस-रात्रीचं कारणही तेच. पण वर्षभराच्या फेरीबद्दल या दोन्ही गोष्टी काहीच सांगत नाहीत. पृथ्वी एका जागी भोवऱ्यासारखी फिरत राहिली असती, तरी लंबक तसाच वळला असता आणि सकाळ-संध्याकाळ तशीच झाली असती. चौथी शिकलेल्या माणसानं हा फरक बसल्या जागी पकडला. परिवलन आणि परिभ्रमण यांची व्याख्या पाठ असलेले कितीतरी पदवीधर तो पकडत नाहीत. मामा नुसते हटवादी असते तर लंबकच खोटा म्हणाले असते. त्यांनी तो मानला आणि पुढचं विचारलं. असा माणूस समजून घेणारा असतो. त्याला फक्त त्याच्याच प्रश्नाचं उत्तर लागतं.

विहिरीतल्या पाण्याचं आधी उरकून घेऊ. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं जाते. बीडहून छत्रपती संभाजीनगर गाठायला तिला साडेचार सेकंदही लागणार नाहीत. एवढा वेग म्हटल्यावर पाणी सांडायला हवं असं वाटणं साहजिक आहे. पण नुसत्या वेगानं पाणी सांडत नाही. वेग एकाएकी वाढला, कमी झाला किंवा दिशा झटकन बदलली की सांडतं. पृथ्वीची दिशा किती बदलते? एका सेकंदात ती ३० किलोमीटर पुढं जाते आणि तेवढ्या वेळात सूर्याकडे वळते अवघी ३ मिलिमीटर. तीस किलोमीटरमागे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढं वळण. शिवाय त्या वळणात विहीर, पाणी, कठडा आणि कठड्यावर बसलेले मामा, सगळे सारखेच वळतात. मग पाणी सांडणार कुणाच्या मानानं? हा ३ मिलिमीटरचा आकडा त्यांना जरूर सांगा. मला स्वतःला पृथ्वीच्या गतीबद्दलचा याहून सुंदर आकडा माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. मामा पंचांग जाणतात, तर सुरुवात पंचांगातूनच करा.

दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास मृग निघतो. कोल्हा वाहन आहे की बेडूक, यावर पारावर चर्चा होते आणि पेरणीची घाई सुरू होते. मामांना एवढंच विचारा, की मृग निघतो त्या दिवसांत मृगाच्या चांदण्या कुठं असतात? त्यांना लगेच सांगता येईल, की जूनमध्ये रात्री मृग दिसतच नाही. तो सूर्याच्या पाठीमागे असतो, सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. 'सूर्य मृगात आला' याचा अर्थच तो. तोच मृग, पोटात तीन चांदण्यांचा बाण घेतलेला, डिसेंबरात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला जो कुणी शेतात जातो, त्यानं तो बघितलेला असतो. आज एखादी चांदणी ज्या वेळेला बांधावरच्या बाभळीच्या शेंड्याशी दिसली, उद्या ती तिथं चार मिनिटं आधी येते. महिन्याला दोन तासांचा फरक पडतो, आणि वर्षानं ती चांदणी पुन्हा त्याच वेळेला त्याच शेंड्याशी.

यावरून ठरलं काय? एवढंच, की सूर्य आणि पृथ्वी यांच्यापैकी एकजण वर्षभरात दुसऱ्याभोवती एक फेरी पुरी करतो. कोण कुणाभोवती, हे यातून ठरत नाही. सूर्य फिरत असता तरी मृग जूनमध्ये लपला असता. मामांनी हे बोलून दाखवण्याआधी तुम्हीच सांगून टाका. अर्धा पुरावा पूर्ण म्हणून पुढं केला की समोरच्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो, आणि मग खरा पुरावाही तो ऐकून घेत नाही.

पुढची पायरीही पंचांगातच छापलेली असते. गुरू वक्री, शनी वक्री, मंगळ वक्री. मामांना हे शब्द नवे नाहीत. मंगळ एरवी चांदण्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतो. मधेच तो थबकतो, दोन-अडीच महिने उलटा चालतो आणि मग पुन्हा सरळ होतो. मंगळ, गुरू, शनी वक्री कधी होतात, हे मामांनाच जुन्या पंचांगांतून काढायला सांगा. दर वेळी एकच उत्तर येईल. ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे सूर्य मावळताना उगवतो, त्या दिवसाच्या आगेमागेच तो वक्री असतो. दुसऱ्या कुठल्याही वेळी हे तिघे वक्री होत नाहीत, आणि नेमके त्याच सुमारास ते सगळ्यात तेजस्वी दिसतात. आता या ग्रहांना सूर्याची एवढी खबर कशी असते? पृथ्वी मधोमध स्थिर मानली तर याला योगायोग म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि प्रत्येक ग्रहासाठी तोच योगायोग पुन्हा मानावा लागतो. पृथ्वी फिरते मानली तर गोष्ट सोपी होते. तिची वाट आतली आणि वेग जास्त आहे, मंगळ सेकंदाला २४ किलोमीटर जातो आणि ती ३०. ती सूर्य आणि मंगळ यांच्या मधून पुढं निघून जाते, तेव्हा मागच्या चांदण्यांच्या मानानं मंगळ मागे पडताना दिसतो. त्याच वेळी तो आपल्याला सगळ्यात जवळ असतो, म्हणून तेजस्वी.

२०२७ च्या फेब्रुवारीत गुरू आणि मंगळ दोघेही नऊ-दहा दिवसांच्या अंतरानं सूर्याच्या समोर येतात. अंगणात बाज टाकून नातवाला शेजारी घेऊन बघण्यासारखं आहे ते. दर आठवड्याला वहीत जवळच्या चांदण्यांसकट मंगळाची जागा काढली, तर उलटी चाल कागदावर उतरेल.

मंगळ साधारण २६ महिन्यांनी असा वक्री होतो. मंगळाकडे यान पाठवायची संधीही २६ महिन्यांनीच येते. इस्रोनं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून सोडलं, १ डिसेंबरला ते पृथ्वीच्या ओढीतून सुटलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाशी पोचलं. मधले जवळजवळ दहा महिने ते सूर्याभोवतीच फिरत होतं. निघताना पृथ्वीचा ३० किलोमीटरचा वेग त्याला आयताच मिळालेला होता, वर थोडाच द्यावा लागला. त्या वेगाचा हिशेब खोटा असता तर यान मंगळाच्या आसपासही फिरकलं नसतं. ज्यांना आकाश बघायला वेळ नाही, त्यांच्यासाठी एवढंही पुरेसं आहे.

पण मामांसाठी नाही. ते म्हणतील, हिशेब जुळला, एवढंच झालं. आणि हा आक्षेप आजचा नाही. सोळाव्या शतकात डेन्मार्कमध्ये ट्युको ब्राहे नावाचा ज्योतिर्विद होऊन गेला. दुर्बिणीच्या आधीच्या काळात त्याच्याइतकं अचूक आकाश कुणी मोजलं नव्हतं. कोपर्निकसचं सूर्याला मधोमध ठेवणारं पुस्तक १५४३ ला आलं, ट्युकोनं ते अभ्यासलं, आणि तरी म्हणाला, पृथ्वी हलत नाही. त्यानं दुसरीच मांडणी केली. बाकीचे ग्रह सूर्याभोवती, आणि त्या सगळ्यांना घेऊन सूर्य पृथ्वीभोवती. या मांडणीत वक्री चाल तंतोतंत बसते. पुढं १६१० मध्ये गॅलिलिओनं शुक्राच्या कला बघितल्या, त्याही बसतात. त्यामुळे 'गॅलिलिओनं सिद्ध केलं' असं एका वाक्यात शिकवू नका. शुक्र सूर्याभोवती फिरतो एवढंच त्या कलांनी पक्कं केलं.

ट्युकोचं म्हणणं सरळ होतं. पृथ्वी खरंच फिरत असेल, तर जानेवारीत आपण एका टोकाला असू आणि जुलैत तिथून ३० कोटी किलोमीटर लांब. (हा आजचा आकडा, त्याच्या काळी अंतर बरंच कमी धरत.) एवढी जागा बदलल्यावर जवळची चांदणी मागच्या लांबच्या चांदण्यांच्या मानानं थोडी तरी सरकलेली दिसायला हवी. त्यानं शोधलं, सापडलं नाही. म्हणून पृथ्वी स्थिर. यात चूक कुठं आहे सांगा! तर्क बिनचूक होता. फक्त चांदण्या त्याला वाटल्या त्यापेक्षा हजारो पटींनी लांब होत्या, आणि ते सरकणं डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी खाली होतं. मामांचा प्रश्न हा ट्युकोचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळायला युरोपातल्या उत्तमोत्तम वेधशाळांना ट्युकोच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षं लागली. तुम्हाला ते अभ्यास घेता घेता सुचलं नाही, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

ते उत्तर कसं मिळालं, हे मात्र निवांत बसून सांगा, कारण खरा पुरावा इथंच आहे.

१७२५ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्यू इथं जेम्स ब्रॅडली आणि सॅम्युअल मॉलिनो यांनी एका धुराड्याला उभी दुर्बीण पक्की बांधली. कालेय नावाच्या तारकासमूहातला एक तारा तिथं जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो, त्यावर नजर ठेवायची होती. ट्युकोला जे सरकणं सापडलं नाही तेच त्यांना शोधायचं होतं. हिशेबाप्रमाणे तो तारा डिसेंबरात दक्षिणेच्या टोकाला असायला हवा होता. पण डिसेंबर उलटला तरी तो दक्षिणेकडे सरकतच राहिला, मार्चमध्ये टोकाला पोचला, मग मागे फिरला आणि सप्टेंबरात उत्तरेच्या टोकाला गेला. वर्षभरानं पुन्हा जागेवर. झोका होता, वर्षाचाच होता, पण अपेक्षेपेक्षा तीन महिने पुढं सरकलेला. इतर तारे तपासले, तेही तसेच हलत होते.

ब्रॅडलीला याचं कारण सापडायला १७२८ उजाडलं. मोटारसायकलवर मांजरसुंब्याचा घाट उतरताना पाऊस लागला, तर वारा पडलेला असूनही थेंब समोरून तोंडावर येतात. पाऊस सरळच पडत असतो, आपण पुढं जात असतो म्हणून तो तिरपा वाटतो. वळण घेऊन उलट्या दिशेला निघालं की तिरपेपणाही उलटा होतो. ताऱ्याच्या प्रकाशाचं तसंच आहे. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर येतो, पृथ्वी ३० किलोमीटर जाते, म्हणजे दहा हजारास एक. तेवढाच तिरपेपणा, कोनात साडेवीस विकला (विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग). पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचे नव्वद भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. पृथ्वीची दिशा वर्षभर बदलत जाते, म्हणून ताराही वर्षभर झुलतो. आणि हा झोका पृथ्वी कुठं आहे यावर ठरत नाही, ती कुणीकडे चालली आहे यावर ठरतो, म्हणून तीन महिन्यांचा फरक. आकाशातल्या प्रत्येक ताऱ्याला हा झोका सारख्याच मापाचा आहे. पृथ्वी स्थिर असती तर तो नसताच. पृथ्वीच्या चालीचा हा पहिला थेट पुरावा. तो १७२९ साली प्रसिद्ध झाला, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला कधी मोठी जागा दिली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्युकोला हवं होतं ते सरकणं शेवटी १८३८ ला सापडलं. जर्मनीच्या बेसेलनं हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचं सरकणं मोजलं, ते ०.३१ विकला निघालं. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण सहा हजारावा भाग. पुढच्याच वर्षी हेंडरसनची मोजणी आली. ती दक्षिण आफ्रिकेतून नरतुरंगातल्या 'मित्र' या ताऱ्यावर केलेली होती. हा मित्र मराठवाड्यातून दिसतो. मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर एक ठळक चांदणी असते, तीच. मामांना ती दाखवा. नुसत्या डोळ्यांना रात्री दिसणाऱ्या चांदण्यांमध्ये आपल्याला सगळ्यात जवळची, सव्वाचार प्रकाशवर्षांपेक्षा थोडी लांब. या दुसऱ्या सरकण्यात जवळचा तारा जास्त हलतो आणि लांबचा कमी. सारख्या मापाचा झोका वेगळा, आणि अंतराप्रमाणे बदलणारं सरकणं वेगळं. एकाच फेरीचे हे दोन वेगवेगळे ठसे आहेत, आणि दोन्ही मोजून झालेले आहेत.

तिसरा ठसा आपल्या महाराष्ट्रातच रोज उमटतो. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतांच्या मधे उभ्या आहेत. त्यांच्यावर पल्सारचे ठोके टिपतात. पल्सार म्हणजे स्वतःभोवती भराभर फिरणारे, आकारानं लहान पण कमालीचे जड तारे. त्यांचे ठोके अतिशय नियमित पडतात. पण पृथ्वीवर मोजले तर वर्षातून एकदा ते आठ मिनिटांपर्यंत लवकर येतात आणि सहा महिन्यांनी तेवढेच उशिरा. आठ मिनिटं का? सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला तेवढीच लागतात. आपण पल्सारच्या बाजूला असलो की ठोका लवकर गाठतो, सूर्याच्या पलीकडे गेलो की उशिरा. हा फरक वजा केल्याशिवाय तिथल्या शास्त्रज्ञांचं काम एक पाऊल पुढं जात नाही. पृथ्वी स्थिर आहे म्हणायचं असेल, तर चारी दिशांना विखुरलेले सगळे पल्सार आपापल्या जागी वर्षाला पंधरा-पंधरा कोटी किलोमीटर पुढं-मागं झुलतात, आणि सगळ्यांचा ताल आपल्या चैत्र ते फाल्गुनाशी जुळतो, असं म्हणावं लागेल. मामांना हे सांगून ऐकून घ्या ते काय म्हणतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं, तेव्हा तिघं मिळून जा.

त्यांनी 'हे असं का' विचारलं, तर वजनाचं सांगा. सूर्य पृथ्वीच्या ३ लाख ३० हजार पट जड आहे. खरं तर दोघंही एकमेकांच्या ओढीनं एका सामाईक बिंदूभोवती फिरतात, पण तो बिंदू सूर्याच्या केंद्रापासून फक्त साडेचारशे किलोमीटरवर पडतो, आणि सूर्याचा व्यास आहे १४ लाख किलोमीटर. म्हणजे सूर्य जागच्या जागी किंचित डुलतो आणि पृथ्वी फेरी मारते.

आर्यभटाचं नाव मात्र घेऊ नका. आर्यभट थोर होताच. इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या आर्यभटीयात पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्यानं सांगितलं. नावेतून जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात हा दाखलाही त्याचाच. पण ते परिवलन झालं. ग्रहांच्या त्याच्या हिशेबात मधोमध पृथ्वीच आहे. मामांनी उद्या कुणाकडून तरी हे ऐकलं, तर तुमच्या सगळ्याच बोलण्यावर पाणी पडेल. आणि थोर माणसानं सांगितलं म्हणून मानायचं असेल, तर व्हिडिओतला माणूस सांगतो म्हणून मानण्यात वावगं काय, असं ते विचारू शकतात. तेही बरोबरच ठरेल.

आता घरातलं. पाहुण्यांसमोर त्यांच्या शिक्षणावर बोललात, ते त्यांना लागलंय. त्या पिढीत शाळा सुटली ती दुष्काळानं, गरिबीनं, घरच्या जबाबदारीनं सुटली. माफी एकांतात मागू नका. मुलासमोर मागा, त्या पाहुण्यांपैकी कुणी पुन्हा आलं तर त्यांच्यासमोर मागा. आणि माफीत खरं ते म्हणा: "मामा, तुमचा प्रश्न बरोबर होता. मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते." एवढ्यावर त्या दिवशी थांबा, लगेच पुरावे काढू नका.

चार-आठ दिवसांनी त्यांना विचारा, "मामा, काय दिसलं तर तुम्ही मानाल?" ते जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, त्यांच्यासमोरच. 'काहीही दिसलं तरी मानणार नाही' म्हणाले, तर हा विषय घरात काढणं सोडून द्या आणि मुलाला तुम्ही शिकवत राहा. पण मला तसं होईल असं वाटत नाही. व्हिडिओंवर तुटून पडू नका. एक खोडला की दुसरा येतो आणि तुम्ही दोघं त्यातच अडकून बसाल. त्यापेक्षा पंचांग, वही आणि आकाश या तीनच गोष्टी मधे ठेवा. ते पटलं म्हणाले, तर त्यांच्याकडून हार वदवून घेऊ नका. नातवाला पुढचं त्यांनाच समजावू द्या.

वर्गातल्या त्या दोन मुलांना गप्प करू नका. फळ्यावर दोन रकाने आखा, 'स्वतःभोवती' आणि 'सूर्याभोवती', आणि पुस्तकातला एकेक दाखला कुठल्या रकान्यात जातो ते मुलांना ठरवू द्या. लंबक पहिल्यात. ब्रॅडलीचा तारा दुसऱ्यात. १६ मेच्या सुमारास तुमच्याकडे भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, आणि शाळेच्या भिंतीवरून पाहिलं तर मावळतीची जागा वर्षभरात उत्तर-दक्षिण सरकते. ही दोन्ही पृथ्वीच्या कललेल्या आसाशी जोडलेली आहेत. पण नुसत्या तेवढ्यावरून कोण फिरतं ते ठरत नाही, म्हणून ती दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर ठेवावी लागतात. मुलं यावर भांडतील. भांडू द्या.

दुर्बिणीचं: लहान मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणी घेऊ नका, त्यांचं तिकाटणं डुगडुगतं आणि काही धड दिसत नाही. १० बाय ५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या. ती नुसती हातात धरू नका, भिंतीवर टेकवा किंवा कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला बांधा. तिच्यातून गुरूचे चार चंद्र दिसतात आणि रोज जागा बदलताना दिसतात. शुक्र संध्याकाळच्या आकाशातून नाहीसा होण्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत त्याची कोरही तिच्यातून ओळखू येते. शुक्र बघताना सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेला वळवायची नाही. सूर्य दुर्बिणीत आला तर डोळा कायमचा जातो. हे मुलाला आणि मामांना, दोघांनाही पहिल्याच दिवशी बजावून सांगा.